लिफ्ट केलेल्या ४×४ गाडीची पुढची अलाइनमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्ट किट बसतं, गाडी उंच होते, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात ऐंशीच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंगचा भरवसा वाटेनासा होतो. अशी गाडी घेऊन येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. माझी स्वतःची जुनी जिप्सी आहे आणि मित्रांच्या थार, जिम्नीखाली मी बरेच रविवार पाठीवर पडून घालवले आहेत. त्या कामातून जे पक्कं समजलं, तेवढंच इथे लिहितो आहे.

मेकॅनिक म्हणतो, आपण फक्त उंची वाढवली, चाकांना हातही लावला नाही. मग अलाइनमेंट कशाला?

चाकांना हात लागला नाही हे खरं, पण चाक ज्या आर्मना धरून आहे ते आर्म हलले आहेत. दाराचं पान बिजागरीभोवती जसं गोल फिरतं, तसा प्रत्येक आर्म चेसिसवरच्या आपल्या बुशभोवती (सांध्यातल्या रबरी नळीभोवती) फिरतो. चेसिस दोन इंच वर गेली की आर्मचं चाकाकडचं टोक तेवढंच खाली जातं, आणि खाली जाताना थोडं आत-बाहेर, थोडं पुढे-मागेही सरकतं. वरचा आर्म, खालचा आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड यांची लांबी वेगवेगळी असल्याने तिघंही वेगवेगळ्या अंतराने सरकतात. त्यामुळे चाकाचे तिन्ही कोन बदलतात. लिफ्टनंतर अलाइनमेंट न करता चालवलेल्या गाडीचे नवे टायर दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच कडेला घासून गेलेले मी पाहिले आहेत.

कॅम्बर, कॅस्टर आणि टो म्हणजे नेमकं काय?

गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत झुकलंय की बाहेर, हा कॅम्बर. बाहेर झुकलं तर पॉझिटिव्ह, आत झुकलं तर निगेटिव्ह.

वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे वळलीत की एकमेकांपासून लांब, हा टो. एकमेकांकडे असतील तर टो-इन, लांब असतील तर टो-आउट.

कॅस्टर बाजूने पाहायचा. सायकलचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो, वरचं टोक मागे आणि खालचं पुढे असतं. त्या तिरकेपणाच्या मदतीने हँडल सोडलं तरी चालती सायकल काही अंतर सरळ जाते. गाडीचं पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तोही असाच मागे कललेला असतो. हा कल म्हणजे पॉझिटिव्ह कॅस्टर. डोळ्यांना तो दिसत नाही, टायरवर त्याच्या खुणा फारशा उमटत नाहीत, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं.

टो दोनदा करून घेतला, तरी गाडी भटकते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. काय चुकतंय?

कॅस्टर कमी झालाय. लिफ्ट केलेल्या गाडीत ही तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच पाहतो, आणि बहुतेक वेळा तेच निघतं.

लक्षणं नीट ओळखा. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्वीपेक्षा हलकं लागतं, आणि मालकाला वाटतं बरं झालं. घाटात वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं तर ते मध्यावर येण्याआधीच थांबतं, उरलेलं हाताने आणावं लागतं. सरळ रस्त्यावर गाडी ठरावीक एका बाजूला ओढत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते, आणि तुम्ही सतत बारीक दुरुस्त्या करत राहता. शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलते. शंभर किलोमीटर चालवल्यावर खांदे दुखतात.

टो बिघडला असेल तर टायर खाल्ला जातो, स्टिअरिंग थोडं चुळबुळतं, पण वळणानंतर ते परत येतं. कॅस्टर गेला असेल तर परत येणंच बंद होतं. एवढा फरक लक्षात ठेवला तर अर्धं निदान झालं.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझ्या जिप्सीची लिफ्टनंतरची पहिली अलाइनमेंट एका नावाजलेल्या दुकानात झाली. टो केला, कागद दिला, पैसे घेतले. कॅस्टरचा आकडा त्याच कागदावर लाल रंगात छापलेला होता आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. विचारल्यावर उत्तर आलं, ‘ते ॲडजस्ट होत नाही.’ मशीनवर ते होत नाही हे बरोबर, पण सुट्या भागांनी होतं, आणि ते मला सांगायला हवं होतं. त्या गाडीने मी पावसात बोरघाट उतरलो होतो.

माझी २०२० नंतरची थार आहे. स्पेसर टाकून लिफ्ट केली. हिच्यात काय बदलतं?

या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि दोन्ही चाकं स्वतंत्र. हिचं एक गणित आधी समजून घ्या. स्प्रिंग आणि शॉकअप खालच्या आर्मवर अगदी चाकापाशी नाही, तर मध्ये कुठेतरी टेकतात. त्यामुळे त्यांच्या वर टाकलेल्या स्पेसरची, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकतीची, जाडी आणि मिळालेली उंची सारखी नसते. चेसिसकडून आर्मच्या लांबीच्या साठ टक्क्यांवर शॉकअप असेल, तर २५ मिमी स्पेसरने चाकापाशी जवळजवळ ४० मिमी उंची मिळते. हे माहीत नसताना ५० मिमीचा स्पेसर टाकणारे लोक भेटले आहेत. अशा गाडीचं चाक हवेत लोंबकळलं की बॉल जॉइंट, म्हणजे आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा, शेवटच्या टोकाला जाऊन अडतो, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट फार तिरका होतो आणि त्याचं रबरी बूट फाटतं.

कोनांचं म्हणाल तर कॅम्बर बहुधा आधी पॉझिटिव्हकडे जातो. आणखी खाली गेल्यावर आखूड वरचा आर्म चाकाचं डोकं आत ओढायला लागतो. त्यामुळे तुमच्या उंचीला तो नेमका कुठे आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. कॅस्टर कमी होतो, कारण चाक खाली जाताना वरचा बॉल जॉइंट बहुधा पुढे सरकतो. टो कुठल्या दिशेने जाईल हे स्टिअरिंग रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, आणि टाय रॉडचा कोन आर्मच्या कोनाशी किती जुळतो, यावर ठरतं.

दुरुस्ती कुठे करायची ते आर्मच्या चेसिसकडच्या बोल्टवर पाहा. काही गाड्यांत तिथे खुणा कोरलेला गोल, मध्यापासून सरकवलेला वॉशर असतो. याला कॅम बोल्ट म्हणतात. तो फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. टोयोटा फॉर्च्युनरच्या खालच्या आर्मला असे बोल्ट आहेत. काही गाड्यांत वरच्या आर्मच्या धुऱ्यामागे पातळ पत्र्याचे शिम असतात. त्या सोयीची मर्यादा संपली की एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बॉल जॉइंटची जागा मागे नेलेला वेगळा वरचा आर्म. माझं मत विचाराल तर, चाकापाशी ४० मिमीपेक्षा जास्त उंची हवी असेल तर वरच्या आर्मचा खर्च लिफ्ट किटच्या खर्चातच धरा. तो जमत नसेल तर उंची कमी ठेवा.

कॅम बोल्टवर कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही हवे तेवढे मिळत नाहीत. एक सोडायचा तर कुठला?

कॅम्बर थोडा सोडा, कॅस्टर सोडू नका. अर्ध्या अंशाने निगेटिव्ह असलेला कॅम्बर चालून जातो, टायर वेळेवर अदलाबदल केले की झीज सारखी होते. गेलेल्या कॅस्टरची भरपाई मात्र दुसऱ्या कशानेच होत नाही. दोन्ही बाजूंचा कॅस्टर एकमेकांच्या अर्ध्या अंशाच्या आत ठेवा.

२०१० नंतरची, टॉर्शन बारची सीआरडीई थार आहे. बार कसून उंची वाढवली तर चालेल?

थोडी, चाललंच तर. टॉर्शन बार म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. तिचा बोल्ट कसला की गाडी उचलली जाते, पण चाकाची खाली जायची जागा तेवढीच कमी होते. मग खड्ड्यात चाक खाली जायला जातं आणि लगेच अडतं, धक्का थेट चेसिसवर येतो. कॅम्बर पॉझिटिव्ह होतो आणि टायरच्या बाहेरच्या कडा आधी जातात. दोन्ही बाजूंचे बोल्ट मोजून, सपाट जमिनीवर दोन्हीकडची उंची पाहून कसा. नंतर कॅम्बर, कॅस्टर, टो हे तिन्ही तपासा. बार थकून गाडी खाली बसली असेल तर उंची मूळ जागी आणण्यापुरतं हे काम उत्तम. लिफ्ट म्हणून मी ते सुचवत नाही.

जिम्नीला पुढे अखंड ॲक्सल आहे. मग कॅम्बरचा प्रश्नच येत नाही ना?

कॅम्बरचा येत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत. लिफ्टने तो बदलत नाही. कॅम्बर बिघडलेला दिसला तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग, चाकाचं बेअरिंग नाहीतर वाकलेला ॲक्सल शोधा.

कॅस्टरचा प्रश्न मात्र इथे जास्त मोठा. जिम्नीच्या पुढच्या ॲक्सलला धरणारे दोन लांब आर्म मागे चेसिसला जोडलेले आहेत, आणि ॲक्सल त्यांना दोन बुशने पक्का धरलेला आहे. चेसिस वर गेली की आर्म पुढच्या टोकाला खाली झुकतो, आणि त्याच्यासोबत आख्खा ॲक्सल पुढे गडगडल्यासारखा फिरतो. किंगपिनचं डोकं पुढे येतं. हिशोब सोपा आहे. आर्मची लांबी ८०० मिमी धरली आणि लिफ्ट ५० मिमी, तर कॅस्टर जवळजवळ साडेतीन अंश जातो. तुमच्या गाडीचा आर्म टेपने मोजा आणि हाच हिशोब करा. मूळ कॅस्टरच फार नसतो, त्यातून एवढा गेल्यावर उरतं काय?

उपाय तीन आहेत. मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे कॅस्टर बुश, चेसिसकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा आधीच कोन दिलेले नवे आर्म. दीड-दोन इंचांपर्यंत बुश पुरतात. बुश प्रेसवर बसवताना त्यावरच्या खुणेची दिशा दोनदा तपासा. उलटे बसले तर होता तोही कॅस्टर जातो, आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही.

ॲक्सल मागे फिरवला की डिफरेन्शियलचं तोंडही खाली फिरतं, आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट जास्त वाकतो. टू-व्हीलमध्ये हब सुटे असल्याने काही जाणवत नाही, पण पुढची चाकंही ओढतात त्या फोर-हायमध्ये चाळीस-पन्नासला थरथर येते. म्हणून गेला तेवढा कॅस्टर परत आणा, त्यापुढे हाव धरू नका.

लिफ्टनंतर जिम्नी एका बाजूला सरकल्यासारखी दिसते. खरंच सरकते का?

हो. ॲक्सलला आडवं धरणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चेसिसवर आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलवर असतो. गाडी वर गेली की तो तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते, आणि ॲक्सल चेसिसवरच्या टोकाकडे ओढला जातो. दोन इंचांच्या लिफ्टला हे काही मिलिमीटरचं प्रकरण असतं. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड टाकला की ॲक्सल मध्यावर येतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही मोजा. ओळंबा चेसिसवरून सोडून दोन्ही बाजूंची अंतरं घेतली की पाच मिनिटांत कळतं.

जिप्सीला पाट्यांची शॅकल लांब टाकली आहे. कॅस्टर कसा दुरुस्त करायचा?

शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक चेसिसपासून खाली जातं आणि ॲक्सलचं डोकं पुढे कलतं. पाटा आणि ॲक्सलच्या गादीमध्ये पाचरीसारखी तिरकी शिम घालून तो कोन परत मिळवतात. शिम लोखंडी किंवा पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची शिम ठोके खाऊन फुटलेली मी हातात घेतली आहे. पाट्याच्या मध्यबोल्टचं डोकं शिम घातल्यावर गादीच्या भोकात पूर्ण बसलंय ना, हे बघूनच यू-बोल्ट कसा. गाडी दहा-वीस किलोमीटर चालवून ते पुन्हा कसा. शॅकलने उंची वाढवण्यापेक्षा जास्त कमानीचे पाटे बसवणं मला केव्हाही बरं वाटतं, त्यात कॅस्टर एवढा जात नाही.

अलाइनमेंटला जाण्याआधी काय तपासावं?

ढिलेपणा. यावर वेळ घालवा, कारण ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतही टिकत नाही.

गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने इंजिन चालू करून स्टिअरिंग थोडं थोडं, डावी-उजवीकडे हलवत राहावं. दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर हाताची बोटं ठेवावीत. टाय रॉडचं टोक, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांडीची) दोन्ही टोकं, पॅनहार्ड रॉडचे बुश, स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. जिथे प्ले आहे तिथे बोटाला टकटक लागते, डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीकसुद्धा. मग चाक उचलून, स्टँडवर टेकवून, वर-खाली धरून हलवा. तिथे हललं तर चाकाचं बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हललं तर स्टिअरिंगचे सांधे.

जॅकवर टांगलेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड हवेतच. आणि दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीव घेते, ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरण्याची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

साठ-सत्तरला खड्डा लागला की पुढची चाकं भयानक थडथडतात, गाडी थांबवावीच लागते. अलाइनमेंटने जाईल का?

एकट्या अलाइनमेंटने सहसा जात नाही. अखंड ॲक्सलच्या गाड्यांत हा दोष आढळतो. पॅनहार्ड रॉडचा खाल्लेला बुश, किंगपिनची सैल बेअरिंग, बॅलन्स नसलेलं चाक, आणि त्यात चुकलेला कॅस्टर-टो हे सगळं एकमेकांना साथ देतं. स्टिअरिंगचे झटके शोषणारा डँपर बदलला की थडथड थांबते आणि माणूस निश्चिंत होतो. पण मूळ ढिलेपणा तिथेच असतो आणि वाढत राहतो. डँपर सगळ्यात शेवटी.

घरी मोजता येतं का? की मशीनच हवं?

टो घरी अगदी नेमका मोजता येतो. कॅम्बर बऱ्यापैकी, आणि कॅस्टर कामापुरता.

आधी जागा सपाट हवी, टायरची हवा सारखी हवी, आणि प्रवासात असतं तेवढंच सामान गाडीत हवं. पुढे विंच, मागे छतावर तंबू असेल तर तेही. बंपर दोन-तीनदा दाबून सोडा आणि गाडी पाच-सात मीटर पुढे ढकलून आणा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. जॅकवरून उतरवलेल्या गाडीचं माप लगेच कधीच घेऊ नका, टायर जमिनीला चिकटून चाकं ताणलेली असतात.

टोसाठी चाक उचलून टायरच्या मध्यावर ओल्या खडूचा पट्टा काढा. चाक फिरवत, घट्ट टेकवलेल्या खिळ्याने त्या पट्ट्यावर एक बारीक रेघ मारा. दोन्ही चाकांवर झालं की गाडी उतरवा, ढकला, स्टिअरिंग सरळ ठेवा. हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि त्या जागी खूण करा. मग गाडी अर्धा फेरा पुढे न्या, थारच्या २५५/६५ आर १८ टायरला साधारण सव्वा मीटर. तीच खूण आता मागे आली. तिथे पुन्हा मोजा. तीच जागा दोनदा मोजल्यामुळे रिम किंवा टायरचा वाकडेपणा मापात येत नाही. समजा पुढे १५२० मिमी आणि मागे १५२३ मिमी आलं, तर टो-इन ३ मिमी, म्हणजे सुतारांच्या भाषेत एक सूत. या टायरला ते अंशांत सुमारे ०.२२. मी स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत एकूण अर्धा ते एक सूत टो-इन ठेवतो. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा हाताशी असेल तर तोच धरा.

कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोरी टायरच्या फुगवट्याला न टेकता लोंबू द्या आणि रिमच्या वरच्या-खालच्या कडेपासून तिचं अंतर मोजा. कडांमधलं उभं अंतर ४५० मिमी असेल तर ८ मिमीचा फरक म्हणजे एक अंश.

कॅस्टरसाठी डिजिटल अँगल गेज हवा. दोन गुळगुळीत टाइल्समध्ये ग्रीस लावून ती जोडी प्रत्येक चाकाखाली ठेवा, म्हणजे चाक अडखळत नाही. जमिनीवर वीस अंशांच्या रेघा आखा. चाक वीस अंश बाहेर वळवून कॅम्बर वाचा, मग वीस अंश आत वळवून वाचा. दोन्हींतला फरक गुणिले १.४३ म्हणजे कॅस्टर. तीनदा करा आणि सरासरी घ्या. अखंड ॲक्सलच्या गाडीत आणखी सोपं. लिफ्टच्या आधीच ॲक्सलवरची एक सपाट जागा हेरून तिचा कोन लिहून ठेवा. लिफ्टनंतर त्याच जागी जितका कोन बदलला, तितका कॅस्टर बदलला. त्या जागेवर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.

टाय रॉड किती फिरवायचा?

वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. आट्यांचा पिच १.५ मिमी आणि स्टिअरिंग आर्म १५० मिमी धरला, तर एका पूर्ण फेऱ्यात एक चाक अर्ध्या अंशाहून जास्त वळतं. म्हणून पाव फेऱ्याने काम करा आणि दर वेळी गाडी ढकलून पुन्हा मोजा.

थारसारख्या रॅकच्या गाडीत दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. चेकनट सोडण्याआधी रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप मोकळी करा, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जातो, फाटतो, आणि पावसाळ्यातला चिखल सरळ रॅकमध्ये जातो. चेकनट कसताना टाय रॉडचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. शेवटी दोन्हीकडे उघडे दिसणारे आटे मोजा. एकीकडे सहा आणि दुसरीकडे पंधरा असतील तर कुठेतरी काहीतरी वाकलेलं आहे.

टो बरोबर आहे, पण सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं. स्टिअरिंग व्हीलच काढून सरळ बसवू का?

बसवू नका. स्टिअरिंग बॉक्सच्या गाडीत, म्हणजे जिप्सी आणि जिम्नीत, लिफ्टने ड्रॅग लिंक तिरकी झाल्यामुळे चाकं एका बाजूला ओढली जातात. बॉक्सच्या आतल्या दात्यांचा नेमका मध्य सरळ जाण्यासाठी असतो, तिथेच प्ले सगळ्यात कमी असतो. स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवलं तर दिसायला ठीक होतं, पण बॉक्स मध्यापासून बाजूला काम करत राहतो. ड्रॅग लिंकची लांबी बदलून मध्य आणा.

दुकानदाराने सगळं हिरवं आलेला कागद दिला. समाधान मानावं का?

कागदावरची गाडी मूळ उंचीची आहे, तुमची नाही. हिरव्या पट्ट्याच्या एका टोकाला डावा कॅस्टर आणि दुसऱ्या टोकाला उजवा असेल तरी दोन्ही हिरवेच छापून येतात, आणि गाडी ओढते. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा. डाव्या-उजव्यातला फरक स्वतः काढा. मागच्या ॲक्सलचा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला कुठल्या दिशेने ढकलतात तो कोन, तोही पाहा. मागचा ॲक्सल तिरका असेल तर पुढे कितीही नेमकं काम करा, गाडी तिरकी चालते.

गाडी कायम डावीकडेच जाते. कॅस्टर की कॅम्बर?

आधी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून पाहा. ओढ बाजू बदलली तर टायरचा दोष. नाही बदलली तर लक्षात ठेवा, गाडी कमी पॉझिटिव्ह कॅस्टरच्या बाजूला आणि जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला जाते. आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेकडे उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थोडी डावी ओढ नैसर्गिक आहे. सोय असेल तर डाव्या बाजूचा कॅस्टर पाव अंशाने जास्त ठेवा.

टायर बघून काय बिघडलंय ते ओळखता येतं का?

तळहाताने ओळखता येतं. टायरवर हात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. आतून बाहेर येताना खरखरीत असेल तर टो-इन जास्त, उलट असेल तर टो-आउट. खरखर नसून नुसती एकच कड झिजली असेल तर कॅम्बर.

अलाइनमेंटनंतर ईएसपीचा (घसरताना गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला.

स्टिअरिंग अँगल सेन्सरला नवा मध्य शिकवायचा राहिला. जिम्नीत आणि ईएसपी असलेल्या थारमध्ये स्कॅनर लावून तो शून्यावर आणावा लागतो. दिवा न लागताही मध्य चुकलेला असू शकतो, मग निसरड्या वळणावर ब्रेक भलत्या वेळी लागतात. हेडलाइटही त्याच दिवशी खाली करून घ्या. लिफ्टनंतर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोठे टायर आणि बाहेर आलेले रिम लावले आहेत. त्याचा त्रास अलाइनमेंटने जाईल?

नाही. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप, बदलून चाक बाहेर आलं की प्रत्येक खड्ड्याचा झटका लांब तरफेने स्टिअरिंगवर येतो, आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. कोन कितीही नेमके असले तरी ते तसंच राहणार. मूळ ऑफसेटच्या जवळचं रिम घ्या.

कायद्याने लिफ्ट चालते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदावरचे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. किट विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो.

एकदा केलं की पुन्हा कधी बघायचं?

पाचशे किलोमीटर झाल्यावर पहिल्यांदा. नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसतात, उंची बदलते, आणि कोनही. त्या वेळी आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने कसा. किट बसवणारे ते बहुतेक वेळा गाडी जॅकवर टांगलेली असतानाच कसतात. मग रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. त्यानंतर दर पावसाळ्याआधी एकदा, आणि ट्रेलवर चाकाला दगडाचा जोरदार मार बसला तर घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी.